मामाची गाडी

नेमसिंगची मोटारसायकल सकाळी सुरू झाली नाही तर तांड्यात कोणाला नवल वाटत नसे. सुरू झाली तरच बायका हातातलं काम थांबवून तिकडे पाहायच्या. गाडी जुनी, दोन-स्ट्रोकची, कोणा ग्रामसेवकाने वापरून वापरून कंटाळून विकलेली. टाकीचा लाल रंग उडून खालचा पत्रा उघडा पडला होता, आणि फाटक्या सीटवर आईने, मोतीबाईने, गोधडीच्या तुकड्यांची खोळ शिवून घातली होती. मोहाच्या झाडाखाली ती उभी असायची आणि नेमसिंग किक मारून मारून घामाघूम व्हायचा.

झरी जामणीच्या सागवानी रानाला पाठ लावून बसलेला तो तांडा. डांबरी सडक फाट्यापर्यंतच; तिथून आत मुरमाची वाट. एसटी फाट्यावर यायची तेव्हा यायची. मोबाइलला रेंज हवी तर शाळेमागचं टेकाड चढावं लागे. कापसाने त्या वर्षांत कोणाचंच बरं केलं नव्हतं. बैलजोड्या एकेक करून बाजारात गेल्या होत्या आणि गोठ्यांत आता पऱ्हाटीचे भारे रचलेले असायचे. नेमसिंगला मात्र राजूरला कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर काम मिळालं होतं. घरची चूल त्या कामावर होती, आणि ते काम त्या गाडीवर. एवढं सरळ होतं ते.

राखी त्याची धाकटी बहीण. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. नवरा संजय यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कारखान्यात कामाला. कापसाची वेचणी उरकली की येऊन मायलेकरांना घेऊन जाणार होता. पोराचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. सगळे त्याला नानक्या म्हणत. गोरबोलीत नानक्या म्हणजे लहानगा.

त्या सकाळी राखी ओसरीवर उन्हात पाय पसरून बसली होती. पायांवर नानक्या, हाताला कोमट तेल. पोर चिडलेलं होतं, मुठी आवळून, हिरड्या दाखवून रडत होतं. राखी त्याच्या पोटावरून हात फिरवत काहीबाही गुणगुणत होती. तिकडे किकवर किक. मग गाडी एकदाची पेटली. निळा धूर मोहाच्या फांद्यांत चढला.

नानक्याचं रडणं मध्येच तुटलं. ओठ तसेच उघडे राहिले, डोळे अर्धवट मिटले, मुठी सुटल्या. झोपला.

"पाह्य, कसा गप झाला मामाची गाडी आयकून," नेमसिंग हसत ओरडला आणि निघून गेला.

राखीही हसली. चुलीपाशी बसलेली मोतीबाई हसली नाही. तिने एकदा नातवाकडे पाहिलं आणि लगेच तोंड फिरवून भाकर उलटली.

नानक्या आणि गाडी यांचं नातं तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याचा जन्मच गाडीपाशी झाला होता. पोळ्याच्या सुमारास राखीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या गाडीला फोन लागेना. शेवटी नेमसिंगने तिला मोटारसायकलवर बसवलं, मागे धरायला सोनीबाई फुई, म्हणजे त्यांच्या बापाची बहीण. तांड्यातली अर्धी लेकरं तिच्याच हातावर जन्मलेली. सागाच्या रानातल्या चढावर गाडी धापा टाकून बंद पडली. तिथंच, वाटेच्या कडेला, फुईने आपली ओढणी अंथरली.

पोर आलं ते निळसर, मुकं. फुईने पालथं धरून थोपटलं, तोंडात फुंकर घातली. पोर हलेना. नाळ बांधायला काही नव्हतं, तर फुईने गाडीच्या हँडलला गेल्या दसऱ्याला बांधलेला काळा दोरा दातांनी तोडला आणि त्यानेच नाळ बांधली. नेमसिंग पाठ करून उभा होता. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो नुसता किक मारत राहिला. रडत होता आणि किक मारत होता. आणि एका किकेला इंजिन पेटलं. एकच ठोका दिला, ठप्, आणि बंद पडलं. त्याच क्षणी पोराने टाहो फोडला.

ही गोष्ट फुई रंगवून सांगायची. मामाने किक मारली अन् भाचा सुरू झाला, म्हणायची, आणि पंगतीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. राखीही हसायची. त्या दिवसापासून गाडी धड चालत नाही, हे मात्र त्या हसण्यात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

गाडीचं दुखणं असं की त्याला धरबंध नव्हता. एका दिवशी पहिल्या किकेला सुरू, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घाम काढला तरी मुकी. नेमसिंगने प्लग बदलला. पॉइंट घासले. करंट कधी यायचा, कधी यायचाच नाही. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी तो राजूरला जायचा, आणि त्या दिवशी नानक्या सकाळी झोपला की ऊन चांगलं वर येईपर्यंत उठायचा नाही. संध्याकाळी पुन्हा तसंच. दिवेलागणीच्या आधी त्याचा डोळा लागायचा, आणि नेमसिंग अंगणात येऊन गाडी बंद करायचा, तसे इकडे याचे डोळे उघडायचे. मामाची वाट पाहतो गुलाम, असं सगळे म्हणायचे. राखीला त्या झोपेत त्याला उचललं की तो जड लागायचा. ओल्या कापडाच्या गाठोड्यासारखा जड, आणि थंड.

एका संध्याकाळी नानक्या रोजच्यापेक्षा बराच आधी जागा झाला. हातपाय झाडत खेळायला लागला. मामा आला तो किती वेळाने, आणि गाडी ढकलत, घामाने निथळत. राखीने पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, भिया, कुठं बंद पडली? नाल्याच्या उतारावर, तो म्हणाला, दिवस बुडताबुडता. दिवस बुडतानाच नानक्याने डोळे उघडले होते. तिने घागर जागेवर ठेवली, आणि तिचा हात घागरीच्या गळ्यावरच राहिला.

मोतीबाईच्या शिवणाच्या डब्यात फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, लावायचे बारके आरसे असत. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, नेमसिंग गेला, नानक्या झोपला. राखीने त्यातला एक आरसा घेऊन त्याच्या नाकाशी धरला.

आरसा स्वच्छ राहिला. तिच्याच डोळ्याचा एक तुकडा त्यात दिसत राहिला.

ती हलली नाही. ओरडलीही नाही. पोराला छातीशी धरून, आरसा बोटांत घेऊन बसून राहिली. तांड्यातली सगळी माणसं वेचणीला गेलेली. कोंबड्या अंगणात उकरत होत्या. कुठंतरी रानात कोणी लाकूड तोडत होतं. बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या. मग आरशावर धुक्याचा एवढासा डाग उमटला, विरला, पुन्हा उमटला. नानक्याने जांभई दिली आणि तोंड तिच्या छातीकडे वळवलं. तिकडे राजूरला भियाने गाडी उभी केली असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

तिने त्याला पांढरकवड्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, आणि न्यायला दुसरं होतं काय? नेमसिंगच्या मागे, त्याच गाडीवर, पोर मांडीत. वाटभर तिचा तळहात पोराच्या छातीवर होता. पण इंजिनाची थरथर सीटमधून तिच्या हाडांत चढत होती आणि हाडांतून हातात. कोणता ठोका कोणाचा ते तिला कळेना. दवाखान्यापाशी गाडी बंद झाली. तिने पदर बाजूला केला. नानक्या डोळे उघडे ठेवून पडला होता, कुठेच न पाहता. मग श्वास आला. यायला वेळ लागला, आणि ही वेळ दर खेपेला वाढते आहे, हे तिला तिथं, दवाखान्याच्या पायरीवर, पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरने तपासलं, वजन केलं, गालाला हात लावला. पोर ठणठणीत आहे, अंगावर पाजत राहा, म्हणाला. नानक्या त्याचं नळीचं यंत्र धरायला बघत होता.

घरी आल्यावर तिने भावाला सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. नेमसिंगने पूर्ण ऐकून घेतलं नाही. बाळंतिणीच्या डोक्यात वारं शिरतं, तो म्हणाला, आणि वर म्हणाला, "माही गाडी बंद पाडाची हाय का तुले? मंग खाशील काय?" बाप, फुलचंद, खाटेवर बसून विडी ओढत होता. राखीने विषय सोडला. त्या घरात नानक्याच्या तोंडात जाणारं दूधही शेवटी त्या गाडीवरूनच यायचं, हे तिलाही कळत होतं.

तिने एकच केलं. संजयला निरोप धाडला की वेचणीची वाट पाहू नको, ये. निरोप फाट्यावरच्या चहावाल्यामार्फत गेला. पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

संजयच्या आधी जमीर आला.

जमीर म्हणजे पांढरकवड्याच्या गाडीमिस्त्री अब्दुल गनींचा मुलगा. बाप दुकानात बसायचा, हा गावोगाव जाऊन गाड्या दुरुस्त करायचा. सायडिंगवरून नेमसिंगला ताकीद मिळाली होती की आता खाडा झाला तर येऊच नको. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याने जमीरला बोलावलं होतं. जमीर स्वतःच्या मोटारसायकलवर आला, मोठ्या आवाजाच्या. नानक्या ती पाहून खुदकन हसला. राखीने त्याच्या नाकाशी हात नेला. श्वास चालला होता, छान, गरम. दुसऱ्या गाडीचं त्याला काही नव्हतं.

"आता कशी होत नाही पायतो," जमीर म्हणाला आणि मोहाखाली पोत्यावर हत्यारं मांडली. नेमसिंगने चहा सांगितला. जमीर गप्पिष्ट होता. ही गाडी इतकी जुनी हाय की इच्या लग्नाले आपले आजोबा असतील, असं काहीतरी तो बोलला, नेमसिंग मोकळा हसला, आणि अंगण थोडा वेळ रोजच्यासारखं झालं.

त्याची रीत शिस्तीची होती. एक गोष्ट पाहायची, पक्की करायची, मग पुढची. पेट्रोल येतंय का; येतंय. मग प्लग काढला, त्याची टोपी बाजूला ठेवून नुसत्या वायरीला लावला, इंजिनावर टेकवला आणि नेमसिंगला किक मारायला सांगितली. ठिणगी नाही. पुन्हा, नाही. ओसरीवर नानक्या आईच्या मांडीत स्वतःचा अंगठा चोखत होता. जमीरने मॅग्नेटचं झाकण उघडलं, पॉइंट घासले, त्यांच्यातली फट ब्लेडच्या पात्याने मापली. "मार." प्लगच्या टोकाशी एक पिवळट ठिणगी उडाली.

नानक्याला उचकी लागली.

"मार." ठिणगी. उचकी.

जमीरने कंडेन्सर बदलला. "मार." आता ठिणगी निळी होती, उन्हातही ओसरीवरून दिसली. नानक्याची छाती वर उचलली ती तशीच थांबली, मग खाली बसली.

राखी उठली. पोराला घेऊन घरामागे गेली, जिथून अंगण दिसत नव्हतं. पऱ्हाटीच्या गंजीला टेकून उभी राहिली. तिथं तिला फक्त नानक्याची छाती दिसत होती. छाती अडकली, आणि तिकडून किकेचा आवाज आला. अडकली, आणि आवाज आला. आधी छाती, मागून आवाज.

ती परत आली तेव्हा जमीर प्लगची रबरी टोपी हातात घेऊन बघत होता. त्याने चिमट्याने टोपीच्या आतून काहीतरी ओढून काढलं. ओली चिंधी होती, घट्ट कोंबलेली.

"नेमसिंगभाऊ, हे कोणं भरलं? असं असल्यावर करंट कसा पोचन प्लगले?"

नेमसिंगने पोरांना शिव्या दिल्या. तांड्यातली पोरं कशालाही हात लावतात, तो म्हणाला. चिंधी जमिनीवर पडली. लाल, जाड विणीची, कडेला आरसा उसवल्याची गोल दोऱ्याची खूण. राखीने ती ओळखली. असा फेटिया घरात एकीच्याच अंगावर होता.

ती चुलीपाशी जाऊन बसली. मोतीबाई पीठ मळत होती.

"याडी," तिने आईला विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून." मोतीबाईचे हात थांबले नाहीत. "रोज नाई जमे. जवा जमे तवा."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून खरं करू का?" मोतीबाई म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, आता चिंधी गेली, आता काहीतरी दुसरं पाहावं लागन, साखर टाकीत टाकू रात्री. हे ती भाजीत मीठ किती घालावं हे बोलावं तसं बोलत होती.

राखी अंगणात गेली. जमीरला म्हणाली, भाऊ, आज राहू द्या. पोराची तब्येत ठीक नाही, आवाजाने त्रास होतो. जमीरने नेमसिंगकडे पाहिलं. नेमसिंगने तिच्याकडे पाहिलंच नाही. बस झालंच ताई, जमीर समजुतीने म्हणाला, एक वायर राहिली.

ती वायर अशी होती. या जुन्या गाडीत चावी गाडी सुरू करत नाही, फक्त बंद करते. मॅग्नेट फिरलं की करंट आपोआप तयार होतो. चावी फिरवली की एक वायर तो करंट गाडीच्या सांगाड्यात सोडून देते आणि इंजिन मरतं. ती वायर टाकीखाली घासून उघडी पडली होती. कुठं सांगाड्याला टेकली की करंट गायब. हलली की हजर. सगळ्या दुखण्याचं मूळ सापडलं म्हणून जमीर खूश होता. नवी वायर त्याच्याकडे नव्हती. त्याने जुनी कापून टाकली.

"डायरेक्ट करून देतो. चावीनं बंद नाई होणार, तेवढं ध्यानात ठेवजा. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, थांबते मंग."

राखीला सगळं कळलं नाही. बंद होणार नाही, एवढं कळलं. ती दोन पावलं पुढे गेली आणि तेवढ्यात नेमसिंगने किक मारली.

पहिल्याच किकेला. एवढी सुरेल ती कधीच वाजली नव्हती. धूरही नाही. जमीरने मूठ पिळली, सोडली, इंजिन खालच्या ठेक्यावर संथ चालत राहिलं. नेमसिंगचा चेहरा उजळला होता.

राखीच्या कुशीत नानक्या जड झाला.

या वेळी डोळे मिटले नाहीत. ओठांचा रंग गेला, मग नखांचा. मान मागे पडली. तिने त्याला हलवलं. "बंद कर," ती म्हणत होती. "भिया, बंद कर."

नेमसिंगने चावी फिरवली. काही झालं नाही. तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

मोतीबाई चुलीपासून धावत आली. पिठाच्या ओल्या हाताने तिने प्लगची टोपी धरली आणि ओढली. करंटाने तिचा हात उडाला, ती गुडघ्यावर पडली, पण टोपी तिच्या हातात आली होती.

इंजिन चालतच राहिलं.

टोपी नाही, ठिणगी नाही, तरी तोच संथ ठेका. आत साचलेल्या काजळीचा कोळसा लाल होतो कधी कधी, होते असं, जमीर म्हणाला, पण तो ते कोणाला सांगत नव्हता. त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिन चालत होतं. त्याने खांद्यावरचा रुमाल कार्बोरेटरच्या तोंडात कोंबला आणि वरून दोन्ही तळवे दाबून धरले. इंजिन धापलं. अडखळलं.

थांबलं.

मोहाखाली एवढं शांत झालं की टाकीतलं पेट्रोल हललेलं ऐकू आलं.

नानक्याने श्वास घेतला नाही.

राखीने त्याला पालथं धरलं, थोपटलं, तोंडात फुंकर घातली. एक छोटंसं थंड तोंड. फुलचंद खाटेवरून उठून उभा राहिला होता. जमीर तोंडातल्या तोंडात कलमा म्हणत होता.

"नेमसिंग," मोतीबाई जमिनीवरूनच म्हणाली. "किक मार."

"याडी, टोपी—"

"मार."

त्याने मारली. काही नाही. तो रडायला लागला. रडत मारत राहिला. टोपी मोतीबाईच्या मुठीत होती, पेट्रोल बंद होतं, रुमाल तसाच कोंबलेला होता.

मग इंजिनाने एकच ठोका दिला. ठप्.

आणि नानक्या रडला.

जमीरने हत्यारं गोळा केली. निघताना मात्र परत वळला, प्लग पूर्ण काढला आणि नेमसिंगला न देता राखीच्या हातात दिला. भोकात कापूस घालून ठेवा, धूळ जाईन आत, असं सवयीने म्हणाला. मग म्हणाला, "बहेन, हे इंजिन कोणाले खोलू देऊ नका." आपली मोटारसायकल त्याने अंगणात सुरू केली नाही. पार तांड्याबाहेर ढकलत नेली.

संजय आला तेव्हा राखी तयार होती. गाडीही येणार, ती म्हणाली. संजयला आधी ती थट्टाच वाटली. सासऱ्याने लग्नात दिलं नाही ते आता पोरासंगं आंदण देऊन राह्यला काय, असं तो म्हणाला. नेमसिंगने स्वतः ती टेम्पोत चढवली आणि दोरांनी बांधली. तो पुढे राजूरलाच दोघातिघांत खोली करून राहू लागला. घरी क्वचित यायचा. आला की भाच्याबद्दल विचारायचा, गाडीबद्दल कधीच नाही.

लोहाऱ्याची खोली एकाच दाराची. गाडी आत, भिंतीला लावून, गोधडीखाली. राखीने आधी विचार केला होता की ती रानात गाडून टाकावी, विहिरीत लोटावी. पण मोडली तर काय होईल हे कोणाला माहीत होतं? आणि दूर ठेवली तर कोणी तरी दुरुस्त करील. प्लग काय, कुठंही मिळतो. दारावर भंगारवाला यायचा. कारखान्यातली पोरं संजयला म्हणायची, दे, आम्ही करून देतो सुरू. संजय हसून टाळायचा. राखी मात्र खोली सोडेनाशी झाली. चुलत बहिणीच्या लग्नाला गेली नाही. नळावर गेली तरी कुलूप लावून जायची आणि कुलपावरून पुन्हा हात फिरवायची. शेजारणी म्हणायच्या, हिच्या घरात सोनं पुरलंय.

नानक्या छान वाढला. त्याचं नाव धावजी ठेवलं, पणजोबाचं. चालू लागला, भाकर खाऊ लागला, गोधडी ओढून गाडीच्या चाकाशी बसू लागला. तिथं बसला की तो शांत असायचा. राखी लांबून पाहत राहायची. झोपला की अजूनही आरसा धरायची, आणि आरशावर धुकं यायचं, रोज.

एका दुपारी, पोर अंगणात खेळत होतं. संजय कामावर. राखीने गोधडी बाजूला केली, इंजिनावरची धूळ पुसली. तांड्यातून निघताना याडीने प्लगच्या भोकात घरचाच कापूस भरून दिला होता, तो कधी बदललाच नव्हता. तेलाने काळा पडला असेल, म्हणून तिने जुनं फडकं जवळ घेतलं आणि बोळा काढला.

बोळा पांढराच होता. ओला आणि कोमट. तिने तो नाकाशी नेला.

दुधाचा वास येत होता. अंगावरच्या दुधाचा, तो वास तिला चुकणार नव्हता. पोराने अंगावरचं सोडून किती महिने झाले होते.

बाहेर धावजी कोणाशी तरी मोठमोठ्याने हसत होता. राखीने फडकं बाजूला ठेवलं. मग तिने उशीतला कापूस काढला, चोळून मऊ केला, त्याचा छोटा बोळा वळला आणि भोकाच्या तोंडाशी धरला.

तिने ढकलला नाही. बोळा तिच्या बोटांतून आपोआप, हळूच, पोर चोखतं तसा, आत ओढला गेला.